वायवर्ण्याची ढोली

आमच्या घरात बिनकामाची वस्तू टिकत नसे. पत्र्याच्या ट्रंकेवर बसून अण्णा चहा पीत, ऑइलच्या धुतलेल्या डब्यात आई ज्वारी भरे, आणि अण्णांची कंपनीतली निळी डांगरी फाटली की तिच्या खिशांची माझ्या दप्तराला ठिगळं लागत. माझे वडील, म्हणजे अण्णा, लेथवर टर्नर होते. उदगीरकडून आलेला माणूस, हाताला पक्का आणि तोंडाला तिखट. त्यांची पहिली शिफ्ट असली की कंपनीचा भोंगा व्हायच्या कितीतरी आधी आईच्या भाकरी थापण्यानं आम्हाला जाग यायची. भाकरीबरोबर येसराची आमटी, आणि येसर उदगीरहून आत्याकडूनच आलेला हवा. चिंचवडच्या दुकानातल्या मसाल्याला अण्णा 'रंगीत माती' म्हणत. लांबच्या कुठल्यातरी प्रेसशॉपमधून दिवसभर धप्प, धप्प असा आवाज येत राहायचा. त्याची इतकी सवय झाली होती की सुट्टीच्या दिवशी तो थांबला की आईच उगाच दारात येऊन बघायची. अशा घरात मी फुलं रंगवत बसायचे. ते कसं काय चालवून घेतलं गेलं याचं मला आजही नवल वाटतं.

चालवून घेतलं गेलं ते मणेरचाचांमुळे. चाचा अण्णांच्याच कंपनीत, ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. इंजिनिअरनं पेन्सिलनं काढलेल्या आकृतीवर पारदर्शक कागद पसरायचा आणि शाईनं रेघ न् रेघ पुन्हा ओढायची, हे त्यांचं आठ तासांचं काम. घरी मात्र, गावठाणातल्या दोन खोल्यांत, ते आजोबांकडून शिकलेली लघुचित्रं काढत: तळहाताएवढ्या कागदावर एखादं झाड, त्याची पानं अशी की मोजून घ्यावीत. कंपनीतल्या कामगारांच्या मुलांची चित्रकला स्पर्धा होती, तिथं मी जास्वंद काढली होती आणि तिच्या मधल्या दांडीवरचे पिवळे ठिपके समोरच्या फुलावरून मोजून काढले होते. परीक्षक चाचा. त्यांनीही ते मोजले म्हणे. मग अण्णांना कँटीनमध्ये गाठून म्हणाले, "टर्नरसाहेब, तुमची पोरगी मोजते. तिला माझ्याकडं पाठवा." ड्रॉइंग ऑफिसातला माणूस चारचौघांत साहेब म्हणाला म्हटल्यावर अण्णांना मूठभर मांस चढलं. मला परवानगी मिळाली ती त्या एका शब्दावर. माझी जास्वंद त्यांनी पाहिली होती की नाही, शंकाच आहे.

चाचांकडे पहिले सहा महिने मी रंगाला हात लावला नाही. कागदावर कागद खळीनं चिकटवायचे, त्या खळीत किडीसाठी चिमूटभर मोरचूद घालायचं, वाळले की गुळगुळीत दगडानं घोटत बसायचं. तीन-चार कागदांचा मिळून एक जाड, तुकतुकीत कागद होतो, त्याला वसली म्हणतात. घोटून घोटून माझा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड झाला आणि शाळेत कबड्डीत मला पुढं घालायला लागले. मग रंग आले. गेरू, नीळ, काजळ, खडू, सगळं खलात डिंकाच्या पाण्याबरोबर घोटायचं. ब्रश खारीच्या शेपटीच्या केसांचा, टोकाला एकच केस पुढं आलेला. खोलीत चाचींच्या तळलेल्या मिरच्यांचा ठसका भरलेला असायचा आणि त्यात श्वास रोखून रेघ ओढायची. "शिंक आली तर ब्रश आधी वर उचलायचा, मग शिंकायचं," चाचा म्हणायचे. मला ते साधलं. अजून साधतं.

पान काढायची त्यांची रीत होती. आधी सगळ्या पानाला गडद हिरवा, मग कडेनं उजळ रेघ, मग मधली शीर. एका फांदीवर कळी, उमललेलं फूल, गळायला आलेलं फूल आणि फळ हे सगळं एकदमच दाखवायचं, कारण झाडाचं वर्ष एका कागदावर यायला हवं. आणि शेवटी, सगळं मनासारखं झालं की, एक पान किडीनं खाल्लेलं काढायचं. मला ते मुळीच पटायचं नाही. इतकं सुंदर झाड, त्याला मुद्दाम भोक कशाला? "बेटा, किडा तुझ्या झाडावर जेवला म्हणजे झाड खरं आहे," चाचा म्हणायचे. आता मी सांगवीत सोसायटीच्या मुलांना शनिवारी हेच शिकवते. मुलं फुलाचा फोटो मोबाइलवर मोठा करून त्यावरून काढतात. मी म्हणते, मोबाइल ठेव आणि कुंडीपुढं बस. पंधरा मिनिटांत त्यांच्या आयांचे फोन येतात. पण किडीचं पान काढायला सांगितलं की सगळी एकदम खूश होतात.

आमची आळी म्हणजे गावठाणामागची बारा घरं. ही सगळी जमीन धोंडाआजींची. त्यांनी कामगारांना प्लॉट दिले तेव्हा एकच अट घातली होती. आळीच्या तोंडाशी त्यांच्या सासऱ्यांच्या हातचा वायवर्णा होता, तो हिरवा आहे तोवर कोणी हात लावायचा नाही. पोखरला, वाळला, तरच तोडायचा. कागदावर काही नव्हतं. पण बारा घरांनी तो शब्द पाळला होता, कारण आजींचं तोंडही काही कमी नव्हतं. वायवर्ण्याची साल मुतखड्यावर चालते, तिच्यासाठी लोक लांबून येत आणि आजी स्वतः बेतानं सोलून देत. उन्हाळ्यात झाडाला नवी पानं फुटत, तीन-तीनच्या झुपक्यात, आणि त्यांच्याबरोबरच फुलं. उमलताना पांढरी, मग सायीसारखी, मग पिवळी, आणि मधून बाहेर आलेले जांभळट लांब केसर. एकाच गुच्छात तिन्ही रंग. चित्र काढणाऱ्याला आणखी काय हवं असतं? खोडावर, एक जुनी फांदी मोडली होती तिथं, मुठीएवढी ढोली होती आणि तिच्यात राघूंची जोडी.

त्या उन्हाळ्यात चाचांनी मला पहिल्यांदा संपूर्ण झाड काढायला सांगितलं. सुट्टीत रोज सकाळी मी पाट घेऊन झाडाखाली बसायचे. धोंडाआजी आपल्या ओट्यावरून बघायच्या, म्हणजे बघण्याचा प्रयत्न करायच्या, कारण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. लांबचं सगळं धुकं, डोळ्याला चिकटवलेलं तेवढं दिसायचं. मला विचारायच्या, "पोरी, मोहर आला का गं शेंड्याला?" मी सांगायचे, कुठली फांदी फुललीय, कुठली राहिलीय. एकदा मी म्हटलं, दक्षिणेकडची फांदी अजून बोडकी आहे, तर त्या शेजारणीला म्हणाल्या, "तिला इचारा. ती एक पान खोटं सांगत न्हाई." मी त्या दिवशी हवेतच होते.

आता अण्णांकडे वळायला हवं, आणि इथं माझा हात जरा जड होतो. अण्णांच्या मनात बरेच दिवस घरामागं शेड टाकून स्वतःचा लेथ बसवायचा होता. शिफ्ट सांभाळून जॉबवर्क करायचं, पुढं नोकरी सोडायची. आळीत निम्म्या बापांचं हेच स्वप्न होतं. मशीन ठरलं होतं, काम द्यायला एक कारखाना तयार होता. अडचण एकच: लोखंडाचे बार घेऊन येणारा टेम्पो आळीच्या तोंडाशी वळत नव्हता, कारण मध्ये वायवर्णा. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. म्हणजे टेम्पो वळत नाही हे ठाऊक होतं. त्याचा माझ्या चित्राशी काही संबंध असेल हे डोक्यातही आलं नाही.

एके दिवशी अण्णा शिफ्टवरून आले, हातपाय धुतले आणि ट्रंकेवर न बसता माझ्याजवळ जमिनीवर येऊन बसले. "काय काढायलीस गं?" त्यांनी विचारलं. मला घामच फुटला. त्यांनी पाटावरचं चित्र दोन बोटांनी कडेला धरून उचललं, जॉब तपासतात तसं उजेडाकडे धरलं आणि म्हणाले, "लई बारीक काम हाय की हे. मायक्रोमीटर लावावं असं." माझ्या बापाच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी कधी ऐकली नव्हती. दुसऱ्या दिवशी ते परत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी टूलरूममधून एक फुटकं भिंग आणलं, त्याला पितळी कडं बसवून दिलं. मी पानांच्या शिरा काढायचे आणि ते शेजारी शेंगा सोलत बसायचे, मधूनच दोन दाणे माझ्या तोंडात टाकायचे, कारण माझे हात रंगाचे. आई स्वयंपाकघरातून डोकावून बघायची आणि पुन्हा आत जायची. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे मला आज आठवतं. तेव्हा मी तिच्याकडे बघतच नव्हते.

आठवडाभरानं अण्णा म्हणाले, "ही ढोली एवढीच हाय का?"

"मुठीएवढी आहे. मी शिडीवर चढून बघितलीय."

"अगं, राघू आत शिरतोय तिथून. तू तर बोट शिरंना अशी काढलीस. जरा मोठी कर की. खाली उतरू दे, आत काळोख दिसू दे. चित्राला कशी मजा येईल."

मी ढोली मोठी केली. आधी वीतभर, मग त्यांनी "अजून" म्हटल्यावर अर्ध्या खोडापर्यंत. काजळाचे पातळ हात एकावर एक देत मी इतका खोल काळोख केला की स्वतःलाच कौतुक वाटलं. कडेला सोललेली साल दाखवली. खाल्लेलं पान एक होतं, अण्णा म्हणाले दोन-चार होऊ दे, मी सात केली. त्यांना माझं चित्र आवडतंय, ते त्यात भाग घेतायत, एवढंच मला कळत होतं. त्यांनी माझ्याकडून दहा ढोल्या मागितल्या असत्या तरी मी काढल्या असत्या.

चाचांना चित्र दाखवलं. त्यांनी पानांवरून भिंग फिरवलं, मान डोलावली, आणि खोडाशी येऊन थांबले. "पानं तुझी आहेत. ही ढोली तुझी नाही. कोणाची आहे?"

मी म्हटलं, "अण्णांना मोठी आवडते."

चाचांनी भिंग खाली ठेवलं. "चित्रात वाढवायला हरकत नाही. आमच्या आजोबांनी चिमणीला मोराएवढं केलंय. पण का वाढवायचं ते विचारून घे." मला राग आला. चाचांना अण्णांचं कौतुक सहन होत नाही, असं वाटलं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय, असं गेली कित्येक वर्षं मी स्वतःला विचारतेय, आणि दर वेळी उत्तर वेगळं येतं.

रविवारी सकाळी अण्णांनी चित्र मागितलं. आळीतले सगळे जमलेत, म्हणाले, सगळ्यांना दाखवू. मी धुतलेला फ्रॉक घातला, वेणीला रिबीन लावली. आई म्हणाली, "तू नको जाऊस." का ते तिनं सांगितलं नाही आणि मी थांबले नाही. झाडाखाली बाराही घरांतले पुरुष होते, काही बायका होत्या, आणि धोंडाआजींना खुर्ची दिली होती. अण्णा माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले आणि बोलायला लागले. झाड आतून पोकळ झालंय. कीड लागलीय. वारा सुटला तर लेकरांच्या अंगावर येईल. आजींचा शब्द आम्ही मोडत नाही, पण शब्दातच होतं की पोखरलं तर तोडायचं.

"कोन म्हन्तं पोखरलंय?" आजी म्हणाल्या. "मला तर सालीला हात लावला की वल लागती."

"वरून कळत न्हाई, आजी. ही बघा ढोली." आणि अण्णांनी माझं चित्र आजींच्या हातात दिलं.

आजींनी ते डोळ्याला चिकटवलं आणि हळूहळू सरकवत वाचल्यासारखं बघितलं. शेंड्याची फुलं बघून त्या हसल्या. मग खोडापाशी आल्या आणि हसणं गेलं. मला तेव्हा कळलं. शेंगा, भिंग, पितळी कडं, सगळं एका क्षणात कळलं. लोक झाडाकडे बघू शकत होते, ढोली तिथंच वर होती; पण पानांत अर्धी झाकलेली, आणि वर चढून बघितलेली मी एकटीच. तसंही निम्म्या आळीला टेम्पो हवाच होता.

"पोरी," आजी म्हणाल्या, "हे तू बघून काढलंस न्हवं? एवढी हाय ढोली?"

खांद्यावरचा अण्णांचा हात दाबलाबिबला नाही. तसा तो दाबला असता तर मला आज बरं वाटलं असतं, जबरदस्ती झाली म्हणता आलं असतं. तो हात नुसता होता, उबदार. त्या हाताखाली मी तीन आठवडे काय सुखात होते, आणि नाही म्हटलं तर तो उचलला जाणार हे मला ठाऊक होतं.

"हो आजी," मी म्हटलं. "एवढी आहे."

त्या काळी झाड तोडायला परवानगीबिरवानगी कोणी फारशी विचारत नसे. दोन दिवसांत कापणारे आले. राघू पिलं घेऊन आधीच गेले होते, हे त्यातल्या त्यात नशीब. करवत सकाळपासून चालली होती आणि दुपारी झाड पडलं. मी धावत गेले. खोडाचा काप आडवा पडला होता, पिवळसर, ओला, एकसारखा. कुठंही पोकळी नव्हती. जिथं ढोली होती तिथला ओंडका उभा चिरला, तर आत मुठीएवढा खळगा, त्यात थोडा भुसा आणि एक हिरवं पीस. कापणाऱ्यातला एक जण म्हणाला, "झाड तर निरोगी होतं, राव." आळीतल्या लोकांनी ते ऐकलं आणि ज्याला त्याला घरात काम निघालं.

अण्णा टेम्पो किती वळेल ते पावलांनी मोजत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "अण्णा, आत काही पोखरलेलं नाही. तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी मोजणं थांबवलं नाही. कोपऱ्यापर्यंत गेले, परत आले, मग म्हणाले, "ढोली कोणी काढली? माझ्या हातात ब्रश हाय का?"

ते रागावून बोलले नाहीत. मला वाटतं ते मला समजावत होते, की आता हे आपल्या दोघांचं आहे, गप्प बस. माझा बाप तीन आठवडे माझ्याशेजारी जमिनीवर बसला, ते माझ्यासाठी नव्हतं. एवढं एकच डोक्यात घणासारखं वाजत होतं. पुढं शेड झाली, लेथ आला, त्या लेथवर माझं आणि भावाचं शिक्षण झालं, माझं लग्न झालं. अण्णा वाईट माणूस होते असं मी कोणाला म्हणू देत नाही. पण त्यानंतर त्यांनी माझं काहीही चांगलं म्हटलं, साडी, भाजी, नातू, की माझं मन आधी बघायचं की यांना काय हवंय. ते जाईपर्यंत हे सुटलं नाही. त्यांनी पुन्हा कधी माझ्या चित्रात डोकावलं नाही हे वेगळंच.

तेव्हा मात्र मी रडत रडत धोंडाआजींकडे निघाले. मला वाटत होतं, आजींना सगळं सांगावं, की मलाही फसवलंय, आपण दोघी एकाच बाजूच्या. पण त्या ओट्यावर नव्हत्या. झाडाच्या बुंध्याशी बसल्या होत्या आणि कापावरून तळहात फिरवत होत्या, कडेपासून मधोमध, मधून पुन्हा कडेला. माझी चाहूल लागली तसा त्यांनी माझा हात धरला, ओल्या लाकडावर ठेवला आणि म्हणाल्या, "कुठं हाय, दाव."

"आजी, मला अण्णांनी सांगितलं होतं मोठी काढायला. मला माहीत नव्हतं ते कशासाठी. त्यांनी तुम्हाला फसवलं, मलासुद्धा."

आजींनी माझा हात लाकडावरून उचलून माझ्या मांडीवर ठेवून दिला.

"तुझ्या बापानं मला न्हाई फसवलं, पोरी," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर म्या इस्वास ठिवलाच कवा? म्या तुला इचारलं हुतं."